लिंपणातले सोंडे

गंगम्मा आषाढात गेली. कावीळ झाली आणि ती उठलीच नाही. मुलगी बार्शीला दिलेली, ती आली, महिनाभर राहिली आणि तिच्या संसाराला परत गेली. मग घरात मी आणि माजघरातली कणगी, एवढंच उरलं.

मी होटगी स्टेशनवर पॉइंट्समन होतो. रुळांचे सांधे बदलायचे, गाडीला झेंडी दाखवायची. ड्यूटी संपली की घरी यायचो आणि कणगीसमोर बसून भाकरी खायचो. भाकरी माझी भावजय अक्कम्मा पाठवायची. भाऊ वारल्यापासून ती शेजारच्याच घरात तिच्या मुलांजवळ राहायची.

कणगीत बियाण्याची ज्वारी होती. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भावकीतल्या चारही घरांचं जुनं बी खाण्यातच संपलं. गंगम्मानं एक गाडगं तेवढं लपवून ठेवलं होतं. स्वतः उपाशी राहिली, मला उपाशी ठेवलं, पण गाडग्याला हात लावू दिला नाही. पाऊस झाल्यावर तेच पेरलं, वाढवलं. तेव्हापासून चारही घरं तिच्याकडूनच बी घ्यायची. उभ्या पिकात फिरून ती चांगल्या कणसाच्या ताटाला चिंधी बांधायची, आणि ती कणसं वेगळी बडवायची. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून बी कणगीत भरायची.

कणगी म्हणजे तुराट्यांची विणलेली. आतून शेणाचं सारवण, बाहेरून मातीचं लिंपण. तोंड बंद केल्यावर ओल्या मातीवर पंजा उठवायचा, अशी आमच्या घरात रीत होती. पंजा मोडलेला दिसला की समजायचं, कुणीतरी कणगी उघडली. पेरणीच्या दिवसाआधी ती उघडत नसत. पावसाळ्याची दमट हवा आत गेली की बी बिघडतं.

त्या वर्षीचं तोंड गंगम्मानंच बंद केलं होतं. तिचा पंजा माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता. करंगळी जरा वाकडी, कारण ती लहानपणी दारात चेंगरली होती.

भाद्रपदात एका सकाळी मी ड्यूटीवरून आलो आणि कणगीवर किडे दिसले. तिळापेक्षा थोडे मोठे, राखाडी, मातीच्याच रंगाचे. हललेच नसते तर दिसले नसते. एक चिमटीत धरून दारात उजेडात नेला. त्याला सोंड होती.

ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला सोंड असलेला किडा दाखवा, तो दुसरा विचार करत नाही. सोंडे. आतून दाणा पोखरतात, वरून साल शाबूत ठेवतात. असं बी पेरलं तर रान मोकळं राहतं.

तेवढ्यात त्या दिवशी अक्कम्मा स्वतःच भाकरी घेऊन आली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग कणगीकडं बघितलं.

"सोंडं हायत की!"

"दिसतात खरं."

"दिसतात काय? हायत! मी म्हनलं नव्हतं तवा? पांढरी माती सोडून तिला तळ्याचा गाळच पायजे होता. गाळ लई चिकट असतो म्हनं. चिकट असतो, पर वल धरतो त्याचं काय? माझं ऐकंल ती गंगम्मा कसली!"

"वैनी, आत काय झालंय ते अजून कुणी बघितलंय?"

"मग उघड की."

"पेरणीआधी उघडत न्हाईत."

"मग बस राखत. सोंडं आत जेवतील, तू भायेर पहारा दे."

ती भाकरी ठेवून गेली. तिला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. गंगम्मा आजारी असताना तिनंच तिचं सगळं केलं होतं. पण दोघी जावा तीस वर्षं ज्या गोष्टीवरून भांडल्या, त्या गोष्टीत एक जण गेल्यावर दुसरीचं खरं ठरत होतं. ते सोडून देणं तिच्यानं होईना.

दुपारपर्यंत बातमी भावकीत पसरली. चुलतभाऊ श्रीमंत आला. तो मऊ स्वभावाचा.

"दादा, वाईट वाटून घिऊ नगंस. पर बार्शीला अडत्याकडं बी मिळतंय. माझ्यापुरतं आनू का? तुझं आनू का?"

"पेरणीला वेळ हाय अजून. थांब थोडा."

"थांबतो. पर वयनीच्या बियाचा भरवसा धरून रान पडीक ऱ्हायलं तर..."

तो गेल्यावर मी कणगीभोवती फिरलो. खाली पिठासारखा भुगा पडलेला नव्हता. सोंडे लागले की भुगा पडतो. पण कणगी तळापर्यंत लिंपलेली होती, भुगा आतच राहत असेल. मला काहीच कळेना. मला पिकाची एवढी काळजी नव्हती. मला पगार होता. पण तिचं शेवटचं काम वाया गेलं, चार घरांत तिचं नाव निघालं की "तिच्या गाळानं बी नासलं" असं लोक म्हणणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. उघडून बघायचा धीरही होत नव्हता. उघडायचं म्हणजे पंजा मोडायचा. आणि आत खरंच सोंडे निघाले तर?

मग मला त्या बाईंची आठवण झाली.

सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या विजयमाला बिराजदार अधूनमधून रविवारच्या पॅसेंजरनं होटगीला उतरायच्या. खांद्यावर जाळं, हातात पिशवी. तळ्यावर जाऊन चिखलात उभ्या राहायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं होतं, "बाई, मासं मिळालं का?" त्या म्हणाल्या होत्या, "मासे नकोत, किडे मिळाले." स्टेशनवर सगळे हसले. मीही हसलो होतो.

रविवारी काडेपेटीत किडे भरून मी फलाटावर उभा राहिलो. बाई उतरल्या. मी म्हणालो, "बाई, घरात सोंडे झालेत. जरा बघता?"

त्यांनी काडेपेटी उघडली. किडे पाय पोटाशी घेऊन पडले होते.

"मेले वाटतं," मी म्हणालो.

"नाही हो. सोंग घेतलंय. थांबा जरा."

आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं एकानं पाय बाहेर काढला, मग दुसऱ्यानं. बाईंनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक किडा सगळीकडून बघितला. गाडी गेली, फलाट मोकळा झाला.

"हे तळ्यावर कुठं मिळाले तुम्हाला?"

"तळ्यावर न्हाईत. घरात, ज्वारीच्या कणगीवर."

"घरात? कसं शक्य आहे?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी थट्टा करत होतो. "तुमच्या ज्वारीतला सोंडा पाण्यात पडला तर काय करतो?"

"काय करंल? वर येतो. धान्य धुताना बायका वरचेवर काढून टाकतात की."

बाईंनी चहाच्या गाड्यावरून कपभर पाणी मागून आणलं आणि एक किडा त्यात टाकला. तो क्षणभर वर राहिला. मग सहाही पाय हलवत सरळ कडेला पोचला, आणि कपाच्या आतल्या अंगानं पाण्याखाली चालत गेला. तळाशी जाऊन निवांत बसला. चहावाला वाकून बघत होता. तो म्हणाला, "आयला, ह्ये तर म्हशीच्या वरताण निघालं."

"मग ह्यो सोंडा न्हाई?" मी विचारलं.

"सोंड्याच्याच भावकीतला आहे. पण हा पाण्यातला. पाणवनस्पती खातो. अंगावर मेणासारखा थर असतो, म्हणून भिजत नाही. हे अंगावरचं राखाडी बघा, मातीचाच पातळ लेप आहे." मग त्या थांबल्या. "पण हा कणगीवर का आला, ते मला कळत नाही. मला घर दाखवाल?"

घरी आलो तेव्हा अक्कम्मा दारातच होती. बाईंच्या जाळ्याकडं बघून तिनं मला कन्नडमध्ये विचारलं, ही कोण. मी सांगितलं. ती मराठीत म्हणाली, म्हणजे बाईंना ऐकू जावं म्हणून, "रविवारी हुळं, किडं बघत हिंडती. हिला घर न्हाई का? नवरा न्हाई का?"

"दोन्ही आहेत, अक्का," बाई चप्पल काढता काढता म्हणाल्या. "रविवारी भाकऱ्या तोच करतो."

"अय्यो!" अक्कम्मानं तोंडावर पदर घेतला. पण गेली नाही. आत येऊन भिंतीशी बसली.

बाईंनी कणगीभोवती फिरून बघितलं, नखानं लिंपण खरवडलं, वास घेतला.

"ही माती कुठली?"

"तळ्याचा गाळ," अक्कम्मा लगेच म्हणाली. "मी नगं म्हनत होते."

"कुणी लिंपली?"

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो. "ती आता न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही पण विचारणार, कशानं गेली, कधी गेली, किती वय होतं. आषाढापासून मी तेच सांगत आलो होतो. स्टेशनमास्तरला, डाकवाल्याला, गाडीतून डोकं काढून विचारणाऱ्या गार्डला.

बाईंनी विचारलं, "त्यांनी गाळ तळ्याच्या कुठल्या बाजूनं आणला होता?"

मी सांगायला लागलो. बांधाच्या दक्षिणेला, जिथं म्हशी बसतात त्याच्या पुढं. होळी झाल्यावर पाणी मागं सरलं होतं. गाळ वरून वाळून तडकला होता, पण खाली ओल होती. ती वरचा पापुद्रा काढून खालचा गाळ घ्यायची, कारण त्यात खडा नसतो. घमेलं डोक्यावर, लुगडं खोचून घेतलेलं. मी म्हणालो होतो, मी आणतो; तर म्हणाली, तुम्हाला गाळातला आणि मातीतला फरक कळत नाही. गाळात वेलीच्या वाळक्या काड्या होत्या, त्या तिनं काढल्या नाहीत. काड्यांनी लिंपण तडकत नाही म्हणायची. अंगणात पायानं तुडवला. तुडवताना अक्कम्माशी भांडली.

"व्हय, भांडली," अक्कम्मा भिंतीशी म्हणाली. "मला म्हनली, तुमी तुमच्या कणगीला सोनं लावा."

मला हसू आलं. किती दिवसांनी मी तिच्याबद्दल बोलताना तिचं मरण मधे आलं नव्हतं.

"वेलीच्या काड्या," बाई म्हणाल्या. "बरं. मला लिंपणाचा एक तुकडा फोडायला लागेल."

मी आडवा आलो. "तोंडाजवळचा न्हाई."

त्यांनी पंजा बघितला. "तोंडाजवळचा नको. खालचा चालेल. जमिनीजवळचा."

मी खुरप्यानं खालच्या अंगाचं टीचभर लिंपण काढून दिलं. बाईंनी ते दारात नेऊन हळूहळू फोडलं. मातीत बारीक पोकळ्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. दोन पोकळ्यांत किडे तसेच पाय आवळून बसलेले होते.

"बघा. तळं आटायला लागलं की हे गाळात शिरून झोपतात. तुमच्या पत्नीनं यांना झोपेतच घरी आणलं. आता भाद्रपदाची दमट हवा लागली, यांना वाटलं तळं भरलं. म्हणून बाहेर आले, आणि पाणी कुठं दिसेना."

"मंजे गाळातूनच आले," अक्कम्मा म्हणाली.

"गाळातूनच आले."

"मी म्हनत व्हते!"

"तुमचं बरोबर होतं, अक्का. पण हे ज्वारी खायला आलेले नाहीत."

मी जिथं लिंपण काढलं होतं तिथं बाईंनी भिंग लावलं. आतलं शेणाचं सारवण अखंड होतं, त्याला भोक नव्हतं. मी विचारलं, "मग बी चांगलं हाय?"

त्यांनी लगेच हो म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "किड्याबद्दल मी सांगू शकते. आतल्या ज्वारीचं उघडल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. आणि किड्याचंही मी म्हणते म्हणून धरू नका. आपण त्यालाच विचारू."

त्यांनी दोन काचेचे पेले मागितले. एकात मूठभर ज्वारी घातली, अक्कम्माच्या घरची. दुसऱ्यात पाणी आणि तळ्यावर जाऊन आणलेली वेल, पाण्यावर गोल पानं तरंगणारी. दोन्हींत थोडे थोडे किडे सोडले, वर फडकं बांधलं. पुढच्या रविवारी येते म्हणाल्या.

ते पेले मी कोनाड्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो तर अक्कम्मा कोनाड्यासमोर उभी.

"काय खाल्लं?"

"आजून काय न्हाई. लाजत्यात."

त्यानंतर ती भाकरी पाठवायची बंद झाली. स्वतःच घेऊन यायची आणि आधी कोनाड्याकडं जायची. पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडायला लागली. अक्कम्मानं मला स्टेशनवर निरोप पाठवला, "खातंय म्हनावं." श्रीमंतही येऊन बघून गेला. बार्शीला जायचं तो काही बोलला नाही, पण गेलाही नाही. ज्वारीच्या पेल्यातले किडे कडेला जमले होते. दाण्यांवर चढत, उतरत, आणि परत कडेला जात. पुढं पुढं त्यांचं हलणं थांबलं. मी म्हणालो, सोंग असेल. अक्कम्मानं पेल्याला टिचकी मारली, वाट बघितली, परत टिचकी मारली.

"मेलं बिचारं. समोर येवढा जोंधळा, आन उपाशी मेलं." तिला खरंच वाईट वाटलं होतं. तिनं तो पेला पाटीवर ओतला आणि दाणा न् दाणा उजेडात धरून बघितला. "एक बी पोखरला न्हाई, धुळाप्पा."

वेलीच्या पेल्यातली पानं चाळणी झाली होती. अक्कम्मा स्वतः तळ्यावर जाऊन नवी वेल घेऊन आली. साठीच्या घरात असलेली बाई, गुडघाभर चिखलात उतरली. मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "हसू नगंस."

रविवारी बाई आल्या. त्यांनी दोन्ही पेले बघितले, मग काही किडे बाटलीत घेतले, काही बारीक कागदाच्या टोकावर चिकटवले. खाली टाचणीत नखाएवढी चिठ्ठी. असा किडा चिठ्ठीशिवाय ठेवला तर त्याचा काही उपयोग नसतो, असं त्या म्हणाल्या. कुठं मिळाला, कधी, कशावर, कुणाला, हे लिहिलं तरच ती नोंद.

"कुणाला मिळाला, तिथं तिचं नाव घाला," मी म्हणालो.

"नाही घालता येणार. धरले तुम्ही, काडेपेटीत तुम्ही आणले. तिथं तुमचंच नाव. खोटी नोंद मी करत नाही."

मला ते पटलं. तरी तोंड उतरलं असेल.

"पण हा किडा घरात कसा आला, हे लिहिल्याशिवायही नोंद पुरी होत नाही," त्या म्हणाल्या. "वाचणारा म्हणेल, पाण्यातला किडा माजघरात कसा?" त्यांनी दुसरी चिठ्ठी घेतली. माझ्या समोर लिहिली आणि भिंग माझ्या हातात दिलं. इतकी बारीक अक्षरं मी कधी वाचली नव्हती. होटगी तलाव, दक्षिण बांध, वाळता गाळ. तिथून कणगीच्या लिंपणात. गाळ आणणाऱ्या, गंगम्मा धुळाप्पा हत्तुरे.

अक्कम्माला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं.

"माझं नाव न्हाई?"

"तुमचं कशाला?" मी म्हणालो.

"वेल कुनी आनली मग?"

बाईंनी हसत हसत तिसरी चिठ्ठी लिहिली.

ते किडे पुढं कलकत्त्याला, किड्यांच्या मोठ्या जाणकारांकडं गेले. थंडीत बाई उत्तर घेऊन आल्या. कुळी, म्हणजे किड्याचं घराणं, बाईंनी ओळखली तीच होती. जात कुठली ते तिथल्या लोकांनाही नक्की सांगता येईना. आणखी नमुने पाठवा, म्हणाले. सोलापूरकडून असा किडा त्यांच्याकडे आधी आला नव्हता. तोवर नाव म्हणून नुसती कुळी लिहिली, पुढची जागा मोकळी ठेवली. मला वाटलं होतं, मोठी माणसं सगळं सांगतील. पण त्यांनी माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिलं, हे मला आवडलं.

पण ते नंतरचं. त्याआधी पेरणी आली.

हस्ताचा पाऊस होऊन रानाला वाफसा आला, त्या सकाळी चारही घरची माणसं माझ्या माजघरात जमली. श्रीमंतनं पोती आणली होती. अक्कम्मानं कणगीला हळदकुंकू लावलं. पंजाला वेगळं लावलं. मग कुणीच पुढं होईना.

"तूच फोड," अक्कम्मा म्हणाली.

मी रात्री ठरवलं होतं की पंजा अखंड काढून ठेवायचा. खुरप्यानं चारी बाजूंनी चर पाडला, हात घालून हळूच ओढला. बोटांपर्यंत आला, आणि मग करंगळीपासून फुटला, माझ्या हातात नुसती माती राहिली. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला वाटलं होतं, मी तिथंच खाली बसेन. पण मी माती बाजूला ठेवली आणि कणगीत हात घातला, कारण मला त्या क्षणी फक्त आतलं बघायचं होतं.

आत कोरडं होतं. राखेचा आणि कडुलिंबाचा वास आला. कोपरापर्यंत हात गेला तरी दाणे गार आणि सुटे लागत होते. मूठ भरून काढली आणि दारात उजेडात नेऊन सुपावर पसरली. मोत्यासारखी, टपोरी ज्वारी. राख झाडली. भोक नाही, भुगा नाही, एकही सोंडा नाही.

अक्कम्मा पुढं आली. एक दाणा उचलून तिनं दाढेखाली धरला. कट्ट आवाज झाला. ओलावा धरलेला दाणा असा वाजत नाही. तिनं दुसरा दाणा घेतला, दुसऱ्या दाढेखाली. तोही वाजला.

"काय वैनी?" श्रीमंतनं विचारलं. "बी कसं हाय?"

तिनं डोळ्याला पदर लावला, मग तोच पदर पसरून माझ्यासमोर धरला.

"गाळ चिकट असतो खरा," ती म्हणाली. "घाल. आदी माझ्या वाट्याचं घाल. गडी औत जुपून हुबा हाय."

मी सूप तिच्या पदरात उपडं केलं आणि परत भरायला आत गेलो.